साठीआधीचा वसंत

त्या मार्च महिन्यात फिंटनला मोहरीची फुलं दाखवायला ज्यानं नेलं नाही, असा माणूस कॉलेजात शोधून सापडला नसता.

आधी इंग्रजी विभागानं नेलं, खास बस करून. मग दुसऱ्या वर्षाच्या मुलींनी नेलं. त्यांनी त्याच्या टकलावर फुलांचं कडं चढवून फोटो काढले. त्यानंतर ग्रंथालयातल्या बायका. त्यांनी उकडलेली अंडी, सूर्यफुलाच्या बिया, गरम पाण्याचे थर्मास असा अर्धा संसार बरोबर घेतला होता. चीनमधल्या त्या हानझोंगच्या आसपास त्या दिवसांत डोंगराच्या पायथ्यापर्यंत पिवळ्याशिवाय दुसरा रंगच नसतो, त्यामुळं गाव बदललं तरी बघायचं तेच. फिंटन दरवेळी बसमधून उतरायचा, कमरेवर हात ठेवायचा आणि "वा" म्हणायचा. चौदा वर्षांपूर्वी म्हटलेला पहिला "वा" पोटातून आला होता. आताचा नुसता ओठांतून यायचा. पण माणसं खूश व्हायची, आणि त्यांना खूश ठेवणं त्याला भाग होतं, कारण ती त्याला निरोप देत होती.

झालं होतं असं. चिनी नव्या वर्षाची सुट्टी संपून कॉलेज उघडलं, आणि परदेशी शिक्षकांचं काम बघणारी वेन तिंग संत्र्यांची पिशवी घेऊन त्याच्या खोलीवर आली. वेन तिंग हात हलवत आली तर नेहमीचं काम असायचं. संत्री घेऊन आली की बातमी वाईट असायची.

"फांग लाओशी, मे महिन्यात तुम्हाला साठ पुरी होतात ना?"

फिंटन गॅरिटी हे नाव इथं कुणाच्याच जिभेला पेललं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात त्याचा फांग झाला आणि मास्तर म्हणून फांग लाओशी.

"होतात," तो म्हणाला. "केक आणणार आहेस?"

ती हसली नाही. "साठीनंतर कामाचा परवाना वाढवून मिळत नाही. मी प्राचार्यांशी बोलले, वरच्या कचेरीत दोनदा फोन केला. तुम्ही सगळ्यांना हवे आहात. पण नियमच तसा आहे."

"बरं."

"बरं काय? काहीतरी बोला ना."

"संत्री गोड दिसतायत."

ती गेली. जिन्यातून तिनं नाक ओढल्याचा आवाज आला. फिंटननं एक संत्रं सोललं, अर्धं खाल्लं, उरलेलं हातात धरून बराच वेळ खोलीत उभा राहिला.

त्या दिवसापासून त्याला एका जागी बसवेना. सकाळी पलंगाखालची जुनी बॅग ओढून काढायचा, चार सदरे आत ठेवायचा, दुपारी तेच सदरे बाहेर काढून पुन्हा खुंटीला अडकवायचा. वर्गात बोलता बोलता खिडकीशी जाऊन थांबायचा आणि मुलं एकमेकांकडं बघू लागली की भानावर यायचा. संध्याकाळी हान नदीच्या बांधावरून चालत सुटायचा. बांधावर चेरी फुललेली असायची, बायकांचे घोळके गाणी लावून नाचत असायचे, ओळखीचे लोक हाका मारायचे, "फांग लाओशी, जेवलात का?" तो जेवलो म्हणायचा आणि पुढं जायचा. कुठं, ते त्यालाही ठाऊक नसायचं.

आयर्लंडमध्ये लीट्रिम परगण्यात त्याचा धाकटा भाऊ होता, कॉल्म. वासरं पाळायचा. "खोली रिकामी आहे," तो फोनवर म्हणाला होता. "रंग तेवढा काढून घेतो. कुठला हवा?" फिंटनला त्या खोलीचा आत्ताचा रंगही आठवेना. दोन वर्षांपूर्वी तो तिथं जाऊन आला होता. लोक विचारायचे, काय म्हणतोय चीन? आणि त्यानं तोंड उघडायच्या आत पावसावर बोलायला लागायचे. त्यांचंही चुकत नव्हतं. विचारणार तरी काय?

या सगळ्यात दिवसातली एकच वेळ त्याला बरी जायची, ती सकाळची. कॉलेजच्या मागच्या फाटकासमोर ताओ शूलानचं दुकान होतं. चार टेबलं, एक मोठी चूल. तांदळाच्या पिठाचं दाट घावन वाफवायचं, त्याच्या रुंद पट्ट्या कापायच्या, वरून लसूण, व्हिनेगर आणि लालभडक तिखटाचं तेल. त्याला तिथं मिएनफी म्हणतात. बरोबर वाडगाभर पेज, तिच्यात आंबवलेल्या सोयाच्या दुधाचे मऊ लुसलुशीत तुकडे. फिंटननं नऊ वर्षं दुसरं काही नाश्त्याला खाल्लं नव्हतं.

शूलान बावन्न वर्षांची. नवरा गेल्यावर दुकान तिनं एकटीनं उभं केलं होतं. हात मोठे, वाफेनं कायमचे तांबूस झालेले, आणि जीभ तिच्या तेलासारखीच.

"काय लाओ फांग, आज कुठली फुलं?"

लाओ म्हणजे म्हातारा, पण तिच्या तोंडून ते ऐकायला त्याला आवडायचं.

"आज फलोत्पादन विभाग नेतोय."

"ते तरी काही वेगळं दाखवतील. पिवळी मोहरी, पण खालून." तिनं वाडगा समोर ठेवला. "माझं सगळं लहानपण त्या शेतांत तण उपटण्यात गेलं. मोहरी बघायला लोक बस करून जातात, हे आमच्या आईला सांगितलं असतं तर तिनं त्यांच्या हातात विळा दिला असता."

"तुम्ही कधी गेलाच नाहीत? नुसतं बघायला?"

"मालकीण गेली तर चूल कोण बघणार, तुम्ही?"

लग्नाची गोष्ट पहिल्यांदा काढली ती लाओ दुआननं. दुआन भूगोल शिकवायचा, आदल्या वर्षी निवृत्त झाला होता आणि तेव्हापासून हान नदीत गळ टाकून बसायचा. मासे क्वचितच मिळायचे. त्या संध्याकाळी फिंटन त्याच्यासमोरून दोनदा गेला आणि दोनदा परत आला, तेव्हा दुआन वैतागला.

"बस खाली. तुझ्या पावलांनी मासे पळतायत."

"मासे होते कधी?"

"हे बघ," दुआन पाण्याकडंच बघत म्हणाला, "बायको इथली असली की इथं राहता येतं. नोकरी करता येत नाही, पण राहता येतं. माझ्या भाच्याच्या शेजाऱ्याचं झालंय. आणि तू रोज सकाळी जिच्या हातचं खातोस, ती विधवा आहे. आता याच्यापुढं मी काही बोलत नाही."

"डोकं फिरलंय तुझं."

"फिरलंय तर फिरलंय. तू तरी फिरणं थांबव."

फिंटन हसला, पण ती गोष्ट पायात काटा मोडावा तशी आत राहिली. खोलीत बसला की टोचायची, चालायला लागला की जास्तच. शूलानबद्दल आपल्याला काय वाटतं, हे त्यानं स्वतःला कधी विचारलं नव्हतं. विचारायची वेळच आली नव्हती, ती रोज समोर होती. आता विचारायला गेला तर उत्तराच्या आधी परवानाच डोळ्यांसमोर यायचा, आणि मग आपलं आपल्यालाच कळेना, की मनात ती आहे का तो कागद.

शेवटी त्यानं मास्तर माणसानं करावं तेच केलं. आधी माहिती काढली. वेन तिंगला आडून आडून विचारलं. मग एका दुपारी, दुकानातली गर्दी ओसरल्यावर, आत जाऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी बसला. शूलान मोठ्या पातेल्यात तिखटाचं तेल ढवळत होती.

"मालकीणबाई, एक बोलायचं होतं."

"पेज संपली."

"पेज नको. माझा परवाना मेमध्ये संपतोय, ते तुम्हाला माहीत आहे."

"अख्ख्या गल्लीला माहीत आहे. तो भाजीवालासुद्धा तुमच्या नावानं उसासे टाकतो."

"तर..." इथली बोली तो पाण्यासारखी बोलायचा. वर्गात पन्नास मुलांसमोर तो कधी अडखळला नव्हता. "तर, इथल्या बाईशी लग्न झालेलं असलं तर राहता येतं. मी चौकशी केली. तुम्ही एकट्या आहात, मीही एकटाच. तुम्हाला त्रास असा काही होणार नाही. दुकान तुमचं तुम्ही चालवालच. मला फार जागा लागत नाही."

शूलानचा हात थांबला. तेल मात्र पातेल्यात गोल फिरत राहिलं.

"चौकशी कुणाकडं केलीत?"

"वेन तिंगकडं. कागद कुठले लागतात ते कळावं म्हणून."

"आणि त्यातला कितवा कागद मी?"

"तसं नाही."

"नवरा गेल्यापासून मला तिघांनी विचारलं, लाओ फांग. एकाला दुकान हवं होतं. एकाला रांधायला कुणीतरी हवी होती. तिसऱ्याची आई अंथरुणावर होती, तिचं करायला बाई हवी होती. तुम्ही चौथे. तुम्हाला कचेरीत दाखवायला हवीय." तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं, अगदी हळू, आवाज न करता. "त्या तिघांनी निदान मला आधी विचारलं होतं."

तो उठला. काहीतरी म्हणावं म्हणून दारात थांबला, पण ती पाठ करून पातेली घासायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. न जाणं जास्त वाईट दिसलं असतं. शूलाननं मान वर न करता विचारलं, "तिखट किती?"

नऊ वर्षांत तिनं त्याला हे कधी विचारलं नव्हतं. बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला विचारतात तसं विचारलं. फिंटन म्हणाला, "नेहमीचं." ती म्हणाली, "नेहमीचं म्हणजे किती?" त्याला सांगता येईना.

मग छिंगमिंगची सुट्टी आली. लोक आपापल्या गावी पूर्वजांच्या थडग्यांवर गेले, शूलानही नवऱ्याच्या गावी गेली, आणि कॉलेजचं आवार ओस पडलं. कुणीही त्याला कुठंही नेणार नव्हतं. त्याला वाटलं, चला, आता सुटलो. पण न्याहारीच्या वेळी पाय आपोआप मागच्या फाटकाकडं वळले, बंद दारापाशी पोचले, आणि त्याला स्वतःचाच राग आला. तो तसाच बसस्थानकावर गेला आणि समोर लागलेल्या पहिल्या गाडीत चढला. गाडी यांगश्यानला जाणारी होती. तिकडं भातखाचरांत ते लाल तोंडाचे, गुलाबी पंखांचे पक्षी येतात, ज्यांच्यासाठी लांबून लांबून लोक मोठमोठे कॅमेरे घेऊन येऊन बसतात. अर्ध्या वाटेत त्याला वाटलं, पक्षी बघून काय करायचंय? तो उतरला. उतरल्यावर वाटलं, आलोच आहोत तर बघून यावं. दुसरी गाडी पकडली. खाचरांपाशी पोचला तेव्हा पाऊस भुरभुरत होता आणि सगळे पक्षी झाडांत माना आत ओढून बसले होते. शेजारच्या एका माणसानं आपली दुर्बीण पुढं केली. "बघा, बघा, तो बघा." फिंटननं दुर्बिणीला डोळा लावला. त्याला पानं दिसली. तो "वा" म्हणाला, आभार मानले आणि परतीच्या गाडीसाठी रस्त्यावर येऊन येरझाऱ्या घालत राहिला. सबंध दिवस गेला, तो कुठंही पोचला नव्हता.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी फाटकावरच्या पहारेकऱ्यानं त्याला खाली बोलावलं. पहारेकऱ्याच्या चेहऱ्यावर दाबून धरलेलं हसू होतं. फाटकाबाहेर शूलान उभी होती. विटकरी रंगाचा कोट, विंचरून बांधलेले केस, पायात तिच्या मुलीनं शिआनहून पाठवलेले नवे बूट. एप्रनशिवाय तिला त्यानं बहुधा पहिल्यांदाच बघितलं.

"चला," ती म्हणाली. "मला फुलं दाखवा."

"फुलं संपली. शेंगा धरल्यात आता."

"कधी काय धरतं ते मला नका शिकवू. तुम्हाला सगळं गाव हिंडवून आलं. मला आजवर कुणी कुठं नेलं नाही. चला."

"आणि दुकान?"

"पाटी लावलीय. मालकीण बाहेर गेली आहे."

पहारेकरी आता उघड हसत होता. "फांग लाओशी, छत्री घेऊन जा," तो म्हणाला. "मालकीणबाई रागावल्या तर आडोसा होईल."

ते शीश्यांगच्या चहाच्या मळ्यांकडं निघाले. रस्ता डोंगरातून वळत वळत जातो. पहिल्या घाटापर्यंत शूलान ताठ बसून खिडकीबाहेर बघत होती आणि दिसेल त्या शेतावर शेरा मारत होती. याचं पीक पाणी साचून गेलं, त्यानं खत कमी टाकलं, तो बघा आळशी, बांधावर गवत किती माजलंय. दुसऱ्या घाटात ती गप्प झाली. तिसऱ्यात तिनं फिंटनचं मनगट घट्ट धरलं.

"गाडी थांबवायला सांगा."

"काय झालं?"

"सांगा म्हणते ना."

गाडी थांबेपर्यंत तिला धीर निघाला नाही. सगळं पिशवीत आणि थोडं नव्या बुटांवर गेलं. गाडीतल्या बायकांनी आलं पुढं केलं, कुणी संत्र्याची साल हुंगायला दिली. ड्रायव्हर म्हणाला, "आजी, आणखी बरीच वळणं आहेत." शूलान म्हणाली, "आजी तुझी घरी असेल," आणि उतरली. मागोमाग फिंटन उतरला. गाडी निघून गेली.

रस्त्याखाली एक ओढा होता. फिंटननं थर्मासचं पाणी दिलं, तिनं चूळ भरली, बूट धुतले आणि एका दगडावर बसली. चेहरा पांढराफटक पडला होता. तो शेजारी उभा राहिला, मग दोन पावलं इकडं, दोन पावलं तिकडं.

"बसा," ती म्हणाली. "तुमच्याकडं बघून पुन्हा मळमळतं."

तो बसला.

"हे असं सबंध वसंतभर हिंडून मिळालं काय तुम्हाला?"

"काही नाही. बसवत नाही, म्हणून हिंडतो. हिंडलं की वाटतं, घरी जावं. घरी गेलं की वाटतं, हे घर तरी किती दिवसांचं."

शूलाननं थर्मासचं झाकण हातात फिरवलं. "एक विचारते. खरं सांगायचं. तुम्हाला परवाना वाढवून मिळाला असता, तर मला विचारलं असतं?"

हो म्हणावं असं त्याच्या अगदी ओठावर आलं. ओढ्यापलीकडं उतारावर मोहरीचं एक शेत होतं. फुलं झडून गेलेली, हिरव्या शेंगांच्या भारानं रोपं वाकलेली. तो तिकडं बघत राहिला.

"नाही," तो म्हणाला. "रोज सकाळी खायला आलो असतो. मरेपर्यंत आलो असतो. पण त्याच्या पलीकडं माझ्या डोक्यात काही आलं नसतं."

तिनं हातातलं झाकण मांडीवर ठेवलं. त्याला वाटलं, संपलं.

"निदान खोटं बोलला नाहीत," ती म्हणाली.

"नव्या वर्षाला तुमची मुलगी आली होती," फिंटन पुढं बोलत राहिला, कारण आता थांबण्यात अर्थ नव्हता. "दुकान बंद होतं. बंद आहे हे मला माहीत होतं. तरी मी रोज दारापर्यंत येऊन परत जायचो. का, ते तेव्हा कळलं नाही. नीटसं आजही कळलेलं नाही. पण परवाना तेव्हा कुठं डोक्यात होता?"

"मला माहीत आहे. समोरच्या चाव्यावाल्यानं सांगितलं होतं. म्हणाला, तुझा परदेशी रोज येऊन कुलपाला नमस्कार करून जातो." तिनं झाकण थर्मासवर घट्ट बसवलं. "म्हणूनच तर राग आला मला. मी थांबले होते काहीतरी ऐकायला. आणि तुम्ही आलात ते कचेरीची माहिती घेऊन."

ओढ्याच्या पाण्यात चहाच्या पेटीचं एक पुठ्ठ्याचं झाकण अडकून गोल गोल फिरत होतं.

"आता माझं ऐका," शूलान म्हणाली. "हे अजून कुणालाच माहीत नाही. शिआनला माझ्या यानयानला मेमध्ये मूल होतंय. नवरा-बायको दोघंही नोकरीवर जाणार, मूल बघणार कोण? मी दुकान सोडतेय. दोन वर्षं तरी तिकडंच."

"दुकान सोडताय?"

"जागा चपलावाला घेतोय. म्हणजे बघा, मी तुम्हाला हो म्हटलं असतं, तर तुम्ही बायकोच्या नावावर हानझोंगात आणि बायको शिआनला." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले, ते तिनं कोटाच्या बाहीनं टिपले. "पहाटे तांदूळ वाटताना वाटतं, हे बंद झालं तर या हातांचं मी करू काय? आणि पोरीचा फोन आला की वाटतं, आत्ताच्या आत्ता निघावं. दोन महिने धड झोप नाही मला. तुम्ही निदान बाहेर चालायला जाता. मी रात्र-रात्र भांडी घासते. घासलेलीच."

फिंटनला काय वाटलं ते त्याला शब्दांत सांगता आलं नसतं. आपल्यासारखंच कुणीतरी रोज समोरच्या चुलीपाशी उभं होतं आणि आपल्याला पत्ता लागला नाही, याची लाज वाटली. आणि थोडं बरंही वाटलं.

"मग आता काय करायचं?" त्यानं विचारलं.

"आता उतरायचं. गाडीत मी पुन्हा बसणार नाही."

ते उताराच्या रस्त्यानं चालत निघाले. ती त्याच्यापेक्षा भराभर चालायची, पुढं जाऊन थांबायची आणि म्हणायची, "चौदा वर्षं चालण्याचा सराव, आणि हे असं?" चहाचे मळे त्यांना दिसलेच नाहीत. शेवटी चहाची पानं घेऊन जाणाऱ्या एका तीनचाकीवाल्यानं त्यांना मागं घेतलं आणि दोघं ओल्या पोत्यांवर बसून, चहाच्या पानांचा कच्चा वास घेत गावात आले. तिनं उत्तर दिलं नव्हतं. त्यानंही पुन्हा विचारलं नाही.

एप्रिल संपायच्या आत ती गेली. यानयानला आधीच कळा सुरू झाल्या म्हणून एका दुपारी चुलीवरचं तसंच उतरवून गेली. तिच्या जागी चपलांचे खोके रचले गेले. फिंटननं नाश्ता सोडून दिला. मे महिन्यात कॉलेजनं त्याला जेवण दिलं, भाषणं झाली, दुआन दारूच्या तिसऱ्या पेल्यानंतर उभा राहिला आणि एक शब्दही न बोलता खाली बसला. वेन तिंगनं या वेळी काहीच आणलं नव्हतं. "परत येणार ना?" एवढंच तिनं विचारलं, आणि तो "बघू" म्हणाला. ते ऐकून तिला काही बरं वाटलं नाही.

हानझोंगहून शिआनला जाणारी गाडी डोंगराच्या पोटातून जाते. बोगदा, क्षणभर उजेड, पुन्हा बोगदा. त्याचं विमान दुसऱ्या दिवशी होतं. स्टेशनवर उतरून त्यानं शूलानला फोन केला. तिनं पत्ता सांगितला आणि बजावलं, "वर येऊ नका, बाळंतीण झोपलीय. खाली बागेत थांबा."

ती बाळाला कापडात गुंडाळून उन्हाला घेऊन आली. वाळली होती. केस कसेही बांधलेले. बाळाचा चेहरा सुरकुतलेला आणि तांबूस होता, आणि ते अजिबात डोळे उघडायला तयार नव्हतं.

"मुलगी?"

"मुलगी. जीव काढते. दिवसा झोपते नि अंधार पडला की जागी. आमच्या इमारतीत सतराव्या मजल्यापर्यंत आम्हाला सगळे ओळखतात, रडण्यावरून." तिनं त्याची बॅग बघितली. "एवढंच?"

"एवढंच. पुस्तकं दुआनला दिली. तो ती वाचणार नाही, पण ठेवेल."

बाकड्यावर दोघं बसले. शेजारी म्हातारे पत्ते कुटत होते.

"तुमच्या भावाकडं जा," शूलान म्हणाली. "तिथला पाऊस, वासरं, जे काय आहे ते बघा. चार दिवस नाही, चांगलं राहून बघा. तिथं मन लागलं तर तिथंच राहा. मला वाईट वाटणार नाही." ती थांबली. "थोडं वाटेल."

"आणि नाही लागलं तर?"

"तर पाहुणे म्हणून या. आणि मग काही विचारायचं असलं तर आधी मला विचारा. कचेरीला नंतर."

बाळ कुरकुरलं. ती लगेच उठली, त्याला थोपटत थोपटत झाडाखाली फेऱ्या मारू लागली. फिंटन उठला आणि तिच्याबरोबर चालू लागला. इमारतीतून यानयाननं खिडकी उघडून हाक मारली, तेव्हा शूलान वर गेली. जाताना मागं वळून बघायला तिला सवड मिळाली नाही.

लीट्रिममध्ये त्यानं उन्हाळा काढला. कॉल्मनं खोलीला फिकट निळा रंग दिला होता. फिंटननं कुंपणं दुरुस्त केली, वासरांना पाणी पाजलं, रविवारी चर्चला गेला. माणसं चांगली होती. पण कॉल्म एक दिवस म्हणाला, "तू स्वयंपाकघरातून किती वेळा दाराशी जातोस ते तुला माहीत आहे का? कुणी यायचंय का?" फिंटन म्हणाला, "नाही. मला जायचंय." कॉल्मनं मान हलवली, जणू हे त्याला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

नोव्हेंबरात तो शिआनला परतला. शूलान बाळाला लस टोचून घ्यायला रांगेत उभी होती, तिथंच त्यानं तिला विचारलं. तिनं बाळ त्याच्या हातात दिलं, पर्समधून रुमाल काढला, बाळाचं नाक पुसलं आणि म्हणाली, "हिची सर्दी बरी होऊ दे, मग जाऊ." यानयान पुढं महिनाभर त्याच्याशी बोलली नाही. आईनं म्हातारपणी परदेशी माणूस आणला, आता शेजारी काय म्हणतील, असं तिला वाटत होतं. शेजाऱ्यांचं म्हणणं इतकंच होतं, की या माणसाला आमच्या पोरांना इंग्रजी शिकवायला सांगा. त्याला ते करता येत नव्हतं. त्याची परवानगी त्याला नव्हती, आणि दर वेळी त्याला नाही म्हणावं लागायचं.

फेब्रुवारीत त्यांनी लग्नाची नोंदणी केली. टेबलामागच्या मुलीनं विचारलं, "व्यवसाय?" काय सांगावं ते फिंटनला खरंच कळेना. मुलीनं पुन्हा विचारलं. शूलान म्हणाली, "सध्या काही नाही. काहीतरी शोधतोय. मीसुद्धा."

ते बाहेर आले तेव्हा उत्तरेकडून धुळीचा वारा सुटला होता. शहराच्या त्या भागात दोघंही पहिल्यांदाच आले होते. शूलान म्हणाली, डावीकडच्या थांब्यावरून गाडी मिळते. फिंटन म्हणाला, येताना आपण उजवीकडून आलो. ती म्हणाली, येतानाचं सोडा, आता कुठं जायचंय ते बघा. आणि दोघं तोंडावर हात धरून, वाऱ्यापेक्षा मोठ्या आवाजात वाद घालत, नक्की न ठरवताच चालू लागले.